मळणीचं भुसकट, तोंडावरचं ऊन आणि नंबरचा चष्मा : सायकलसाठी गॉगल कोणता घ्यावा?

मांजराकाठ, लातूर

रामराम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज विचारायची वेळ आली.

दोन वर्षांपासून सायकल चालवतो. पहाटे निघायचं, बार्शी रोडनं मुरूडच्या अलीकडून वळायचं आणि साडेआठच्या आत घर गाठायचं, कारण नंतर शाळा (मी मास्तर आहे). गॉगल कधी घेतला नाही. नंबरचा चष्मा डोळ्यावर आहेच, त्यालाच गॉगल समजून चाललो होतो.

गेल्या आठवड्यात रस्त्याला लागूनच सोयाबीनची मळणी चालली होती. यंत्राचं भुसकट फेकणारं तोंड नेमकं रस्त्याकडं. मी मान खाली घालून जोर लावला, म्हणलं दहा सेकंदांचा तर प्रश्न आहे. चष्म्याच्या खालून, गालाकडच्या फटीतून, भुसकट सरळ उजव्या डोळ्यात. एक डोळा असा मिटला की दुसराही उघडा राहत नाही, हे त्या दिवशी कळलं. अंदाजानं सायकल कडेच्या मुरमात घातली. कारखाने अजून सुरू व्हायचेत म्हणून बरं, नाहीतर मागं उसाची डबल ट्रॉली असती. मळणीवरची एक मावशी तांब्याभर पाणी घेऊन धावत आली आणि पदराचं टोक फुंकून गरम करायला लागली. पदर नको म्हणलो, पाणी मारत बसलो. डोळा दोन दिवस लाल होता.

दुसरं दुखणं जुनंच. येताना तोंड पूर्वेकडं असतं. सात-साडेसातचं ऊन बरोबर डोळ्याच्या पातळीवर येतं, पुढचा खड्डा दिसत नाही, चाक आदळल्यावर कळतं की खड्डा होता.

नंबर दोन्ही डोळ्यांना उणे ३.२५, डाव्याला पाऊणचा सिलेंडर (तिरपा नंबर). जानेवारीत पहिली २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करायची आहे. बजेट चार हजारांपर्यंत. ऑनलाइन बघायला बसलो तर पोलराइज्ड, फोटोक्रोमिक, यूव्ही ४००, मिरर असल्या शब्दांनीच डोळे दुखायला लागले. कुणी वापरलेलं सांगेल का?

टायरट्यूब, लातूर

गंजगोलाईत हातगाड्यावर दीडशेला मिळतो बगा. काडीवर 'ओकली' असं भारी कंपनीचं नाव लिहिलेला. तीन वर्ष वापरू लालो, काय झालं नाही. चार हजारात दोन टायर येतात की.

देवगिरी_पेडल, छ. संभाजीनगर

टायरट्यूबभाऊंचं पैशाचं गणित बरोबर आहे, डोळ्याचं नाही.

काच काळी असणं आणि काचेनं अतिनील किरण अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळेपणामुळं फक्त उजेड कमी होतो. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते. काच अतिनील अडवणारी नसेल तर त्या मोठ्या झालेल्या बाहुलीतून ते आत जाणार. म्हणजे साधा काळा गॉगल काहीच न घालण्यापेक्षा वाईट ठरू शकतो. 'यूव्ही ४००' म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारी काच. तिला रंग असायलाच हवा असं नाही, पूर्ण पारदर्शक काचसुद्धा यूव्ही ४०० असते.

रंगाबद्दल माझी चूक सांगतो, तुम्ही करू नका. पहिला गॉगल मी 'मराठवाड्याचं ऊन आहे बाबा' म्हणून दुकानातला सगळ्यात काळा घेतला. दौलताबादला किल्ल्याच्या पुढं रस्ता जुन्या कमानीतून जातो, ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. बाहेर लख्ख ऊन, कमानीत सावली. आत शिरलो आणि काहीच दिसेना. समोरून बुलेटवाला येतोय हे आवाजावरून कळलं. कसाबसा भिंतीला चिकटलो. त्या दिवसापासून तो गॉगल गच्चीवर वाळवण घालायच्या कामाला.

चांगल्या गॉगलच्या काडीवर आतून श्रेणीचा आकडा छापलेला असतो, ० ते ४. शून्यची काच जवळपास पारदर्शक. २ मध्ये १८ ते ४३ टक्के उजेड आत येतो, ३ मध्ये ८ ते १८ टक्के. ४ मध्ये ३ ते ८, आणि ती घालून कुठलीच गाडी चालवू नये. ती बर्फाच्या डोंगरावरची काच आहे, म्हैसमाळच्या नाही. दुपारी निघणाऱ्याला ३ ठीक. पहाटे निघून नऊला परतणाऱ्याला २ पुष्कळ झाली.

रंग तपकिरी घ्या. करड्या काचेतून रंग खरे दिसतात, पण तपकिरीतून डांबरावरचा खड्डा आणि खडी जास्त उठून दिसते. हे माझं मत, भांडायला तयार आहे.

टायरट्यूब, लातूर

मग माझे डोळे गेले म्हणा की तीन वर्षात. हा प्रतिसाद कोण टाइप करू लालंय मग?

काचेमागचा, नांदेड

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, दिवसभर लोकांना 'हे स्पष्ट की ते' विचारतो. म्हणून जरा लांबण लावतो.

टायरट्यूब, तुमचे डोळे शाबूत असण्याचं एक साधं कारण असू शकतं. तुमची काच पॉलिकार्बोनेटची असेल. हे प्लास्टिक मुळातच बहुतेक सगळे अतिनील किरण शोषून घेतं, वरून वेगळा लेप लागत नाही. त्यामुळं स्वस्तातला गॉगल म्हणजे विषच असं नाही. पण हातगाडीवरची काच नक्की कशाची आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, अडचण तिथं आहे. दगड उडून आला तर काही काचा तडकून तुकडे डोळ्याकडं येतात. पॉलिकार्बोनेट सहसा तडकत नाही, चेमटतं. सायकलला तेवढ्यासाठी तेच घ्यावं.

घरी दोन परीक्षा करता येतात.

एक: गॉगल हातभर लांब धरा आणि त्यातून फरशीची सांध किंवा दाराची चौकट बघा. गॉगल हळूहळू डावी-उजवीकडं हलवा. सरळ रेघ पाण्यातल्या काठीसारखी वळवळली तर काच ओबडधोबड ओतलेली आहे. असल्या काचेनं डोळा बिघडत नाही, पण तासाभरात कपाळ दुखतं आणि खड्ड्याच्या खोलीचा अंदाज चुकतो.

दोन: नोटा तपासायची जांभळी बॅटरी. आपल्या नोटेवरचे नंबर तिच्या उजेडात चमकतात. बॅटरी आणि नोट यांच्यामध्ये काच धरायची. चमक विझली तर काच काम करते आहे. पण बाजारातल्या बऱ्याच बॅटऱ्यांमधून जांभळा दिसणारा उजेडही बाहेर पडतो, तो चांगल्या काचेतूनही थोडा जातो. म्हणून पुसटशी चमक राहिली तर लगेच गॉगल फेकू नका. चष्म्याच्या दुकानात यूव्ही मोजायचं यंत्र असतं, तिथं मिनिटभराचं काम आहे.

आता गुरुजींच्या डोळ्याबद्दल, हे जास्त महत्त्वाचं. सोयाबीन, तूर, ज्वारी, ऊस, कुठल्याही पिकाचा कण डोळ्यात जाऊन बुबुळाला ओरखडा पडला तर बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. सुरुवातीला साधाच लाल डोळा वाटतो. लोक मेडिकलमधून परस्पर ड्रॉप आणतात, त्यात स्टिरॉइड असलं तर लाली उतरते, बरं वाटतं आणि बुरशी आत वाढत राहते. पुढं बुबुळावर पांढरा डाग पडतो आणि नजर जाते. सुगीत असे रुग्ण दर वर्षी येतात. पाणी मारलं आणि चोळलं नाही हे तुम्ही उत्तम केलं. पदर टाळला ते त्याहून उत्तम. पण दोन दिवसांत डोळा पांढरा झाला नाही, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसलं तर गॉगलचा धागा सोडून आधी डोळ्याचे डॉक्टर.

नंबरच्या गॉगलबद्दल उद्या लिहितो, आज दुकानात गर्दी आहे.

मांजराकाठ, लातूर

दाखवून आलो होतो, ओरखडा वरवरचा होता, भरला. स्टिरॉइडचं मात्र खरंच माहीत नव्हतं. आमच्या इथं तर लाल डोळ्याला शेजारचा ड्रॉप उसना आणायची पद्धत आहे.

बालाघाट, बीड

गुरुजी, एकच सांगतो. फोटोक्रोमिकच्या नादाला लागायचं तर डोळे उघडे ठेवून लागा.

मी घेतला होता. सावलीत पांढरा, उन्हात काळा, कल्पना झकास. डिसेंबरात मांजरसुंब्याचा घाट चढताना असा काळा झाला की बस्स. म्हन्लं पैसे वसूल. मग मे महिना आला. बेचाळीस डिग्री, दुपारचे बारा, धुळे-सोलापूर हायवे, अन् गॉगल आपला चहाच्या रंगाचा. जास्त काळा व्हायलाच तयार नाही. मला वाटलं नासला. दुकानदाराशी भांडलो. तो म्हन्ला फ्रीजमध्ये ठेवून उन्हात धरून बगा. धरला तर काळाकुट्ट! तेव्हा कळलं, ही काच उन्हातल्या अतिनील किरणांनी काळी होते आणि उष्णतेनं परत फिकी होते. आपल्याकडं दोन्ही एकदमच येतात. ज्या दिवशी काळी पाहिजे त्याच दिवशी कमी काळी होणार. थंड मुलखाचं बेणं हाय ते.

अन् काळी व्हायला अर्धं-एक मिनिट, पण फिकी व्हायला कैक मिनिटं लागतात. देवगिरीभाऊंच्या कमानीत काय उपयोग तिचा?

आता मी काचा बदलायचा वापरतो. एक तपकिरी, एक साधी पांढरी. पांढरी खिशात. लई वैताग नाही, सवय होते. फक्त काच बदलताना तिच्यावर बोटं उमटवू नका.

रानजाई, परभणी

सगळे काचेवरच बोलताहेत, म्हणून मी बसण्यावर बोलते. सर, तुमचं भुसकट काचेतून नाही, फटीतून आलं.

माझा चेहरा लहान आहे. दुकानात जे 'युनिसेक्स' म्हणून मिळतं ते माझ्या तोंडावर मोटरसायकलीच्या वायझरसारखं दिसतं. पहिला गॉगल असाच रुंद होता, दोन्ही बाजूंनी बोट जाईल एवढी फट. त्यातून वारा आत घुसून डोळ्यातून इतकं पाणी यायचं की सिग्नलला एका काकूंनी 'काय झालं गं बाई' म्हणून विचारलं.

आता दुकानात जाताना हेल्मेट बरोबर नेते. हसू नका. हेल्मेटची मागची पट्टी आणि गॉगलच्या काड्या एकाच जागेवर भांडतात, कानावर दाब येतो आणि तासाभरात डोकं ठणकायला लागतं. हेल्मेट चढवून गॉगल घालायचा, मग दुकानातच वाकून हँडल धरल्यासारखं करायचं आणि मान वर करून समोर बघायचं. फ्रेमची वरची कड डोळ्याच्या आड आली तर तो गॉगल रस्त्यावर फिरायला चांगला, सायकलला नाही. आपण वाकून वरच्या भागातूनच बघतो ना. म्हणून सायकलच्या गॉगलला बहुधा वरची कड पातळ असते किंवा काचच उंच असते. मग खांद्यावरून मागं बघायचं. काडी रुंद असेल तर मागून येणारा टिप्पर नेमका तिच्याआड लपतो. शेवटी मोठ्यानं हसायचं. गाल काचेला टेकले तर घाम आणि वाफ दोन्ही जमणार.

नोजपॅड मऊ रबराचे आणि वाकवता येणारे घ्या. चांगलं रबर घामानं ओलं झालं की उलट जास्त चिकटतं. कडक प्लास्टिकचं नाक परभणीच्या एप्रिलमध्ये पाच मिनिटं टिकत नाही, गॉगल मिशीवर येतो. (मला मिशी नाही, पण समजून घ्या.)

काड्या हेल्मेटच्या पट्ट्यांच्या वरून घ्यायच्या, आतून नाही. पडलात तर गॉगल सुटून बाजूला जातो, चेहऱ्यावर दाबला जात नाही.

देवगिरी_पेडल, छ. संभाजीनगर

रानजाईताईंना शंभर टक्के अनुमोदन. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवा.

बालाघाट, फोटोक्रोमिकला एकदम बाद करू नका. गुरुजींची बीआरएम जानेवारीत आहे. २०० ला साडेतेरा तास मिळतात. सहाला सुटलात तर शेवट साडेसातला. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे सकाळी तासभर अंधार आणि हळू गेलात तर संध्याकाळी दीड तास. थंडीत ही काच नीट काळी होते हे तुम्हीच सांगितलं की.

खडीफोड, जालना

पोलराइज्डच घ्या. नाथसागराच्या कडेनं जाताना पाण्यावरची तिरीप अशी गायब होते की मासे दिसतात. दुसरं काही बघूच नका.

काचेमागचा, नांदेड

मासे बघायचे असतील तर नक्की घ्या. पोलराइज्ड काच आडव्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेली चमक कापते. पाणी, ओला रस्ता, गाडीचं बॉनेट. चारचाकी चालवायला, नावेत बसायला मस्त. सायकलवर दोन खोडी आहेत. मोबाइलचा किंवा स्पीडोमीटरचा पडदा ठरावीक कोनात काळा दिसतो. आणि ओल्या रस्त्याची चमक हीच तर आपल्याला खूण असते की इथं निसरडं आहे. ती खूणही जाते. शिवाय सूर्य थेट समोर असेल, जे गुरुजींचं दुखणं आहे, तर पोलराइज्डचा खास फायदा नाही, कारण ते परावर्तन नाही, तो सूर्यच आहे.

खडीफोड, जालना

बरं बाबा. मासे मला, खड्डे तुम्हाला.

काचेमागचा, नांदेड

आता नंबरचं, कबूल केल्याप्रमाणं. उणे सव्वातीन आणि थोडा सिलेंडर असणाऱ्यासमोर चार वाटा आहेत.

डोळ्यात लेन्स घालून वर कुठलाही गॉगल. दिसायला सगळ्यात छान. पण आपल्याकडची धूळ लेन्सच्या मागं गेली तर रस्त्यात लेन्स काढायची कुठं आणि हात धुवायचे कशानं? घालायच्याच तर रोज फेकून द्यायच्या घ्या. सिलेंडरच्या लेन्स महाग पडतात.

गॉगलच्या आत नंबरची छोटी क्लिप. बाहेरचा गॉगल बदलता येतो, खर्च बेताचा. पण एका डोळ्यापुढं दोन काचा आल्या. थांबलात की दोन्हींमध्ये वाफ धरते, धूळ मधे अडकते. पापण्या लांब असतील तर क्लिपला घासतात. पावसाळ्यात मी ती कुणालाच सुचवत नाही.

नेहमीच्या चष्म्यावरून घालायचा मोठा गॉगल. स्वस्त. दिसायला वेल्डिंग. माझ्या वडिलांचा आहे, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिलेला.

चौथी, थेट नंबरच्या काचेचा स्पोर्ट्स गॉगल. यात एक फसगत आहे. तो जाहिरातीतला गालाला गुंडाळलेला, भरपूर वळणाचा गॉगल असतो ना, त्यात नंबरची काच बसवली की ती डोळ्यासमोर तिरकी येते. तिरक्या काचेतून नंबर बदललेला जाणवतो, कडेला रस्ता वाकलेला दिसतो. उणे नंबरची काच कडेला जाड असते, त्यामुळं रुंद फ्रेमच्या बाहेर तिची जाड कड दिसते. चांगली लॅब वळणाचा कोन मोजून नंबर दुरुस्त करून देते, पण त्याचा खर्च चार हजारांत बसणार नाही. म्हणून तुमच्या नंबरला मी सांगेन: कमी वळणाची, बेताच्या रुंदीची स्पोर्ट्स फ्रेम, रबरी नोजपॅड, पॉलिकार्बोनेटची नंबरची काच. फट थोडी राहील. ती कमी करायला रानजाईताईंच्या परीक्षेनं फ्रेम निवडा. पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) मोजून घ्यायला विसरू नका. ऑनलाइन मागवणारे तेच विसरतात आणि मग चक्कर येते म्हणून माझ्याकडं येतात.

लातुरात तर तुम्हाला दुकानांची कमी नाही. क्लासची एवढी पोरं आहेत तुमच्याकडं, निम्म्यांना चष्मा.

टायरट्यूब, लातूर

निम्म्यांना न्हाई, पाऊण. राहिलेल्यांनी अजून तपासला नाही.

सुतगिरणी, परळी

आमच्याकडच्या रस्त्याला वीज केंद्राच्या राखेचे टिप्पर पळतात. ती राख पिठापेक्षा बारीक. कितीही चिकटून बसणारा गॉगल घाला, आत येतेच. माझा नियम एकच, टिप्पर दिसला की कडेला थांबायचं, पाठ करायची, ढग खाली बसेपर्यंत पाणी प्यायचं. गॉगलवर बसलेली राख शर्टानं पुसायची नाही. ती म्हणजे सँडपेपर. आधी बाटलीतलं पाणी ओतायचं, मग घरी हाताला लावायच्या साबणाचा एक थेंब, बोटांनी हलकं चोळायचं आणि मऊ कापडानं टिपायचं. पॉलिकार्बोनेट फुटत नाही, पण ओरखडे लगेच उचलतं.

रानजाई, परभणी

आणि मिरर असेल तर ओढणी, पदर, टॉवेल, काहीच नाही. माझ्या पहिल्याचा निळा आरसा घाम आणि पुसापुशीनं सहा महिन्यांत पोपडे धरून गेला. जणू घराचा डिस्टेंपर.

बालाघाट, बीड

एक राहिलं. गुरुजींच्या समोरच्या उन्हाला गॉगल हे औषधच न्हाई.

सूर्य सरळ डोळ्याच्या रेषेत असला तर काच कितीबी काळी घ्या. सूर्य सुसह्य होतो, पण रस्ता त्याहून काळा होतो. खड्डा तसाच अंधारात. शेतात आपण काय करतो? कपाळावर हात धरतो. सायकलवर हात मोकळा नसतो, म्हणून हेल्मेटच्या आत पातळ कापडी टोपी घालायची, छोट्या छज्जाची. सायकलवाल्यांची मिळते शंभर-दोनशेला. मान दोन बोटं खाली केली की सूर्य छज्जाआड, रस्ता उजेडात. घाम टिपते ते वेगळंच, काचेवर मिठाचे थेंब पडत नाहीत. मी तर म्हणतो ऊन टोपीकडं द्या, गॉगल फक्त धुळीसाठी अन् चिलटांसाठी ठेवा. मग काच फिकी असली तरी चालतं.

देवगिरी_पेडल, छ. संभाजीनगर

हे मी इतकी वर्षं का केलं नाही. जालन्याकडं जाताना सकाळी सगळा रस्ता सूर्याच्या तोंडात असतो आणि मी काचा बदलत बसतो.

मांजराकाठ, लातूर

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. घेतला.

हेल्मेट घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराला वाटलं गाडी बाहेर उभी करून आलोय, म्हणाला हेल्मेट काउंटरवर ठेवा. मी ते डोक्यावर चढवलं, वाकलो, मान वर केली, मागं वळून बघितलं आणि शेवटी मोठ्यानं हसलो. त्याच वेळी माझाच दहावीचा एक विद्यार्थी आईबरोबर नंबर काढायला आला. आता शाळेत काय चर्चा असेल ते असो.

सात फ्रेम घातल्या. पाच वाकल्यावरच बाद, वरची कड बरोबर रस्त्यावर. सहावीत गाल टेकत होते. सातवी कमी वळणाची, रबरी नाकाची, दिसायला अगदी साधी. फरशीच्या सांधेची परीक्षा दुकानात केली तेव्हा दुकानदारही बघायला वाकला. काच नंबरची, पॉलिकार्बोनेट, फोटोक्रोमिक तपकिरी. देवगिरीभाऊंचं जानेवारीचं गणित पटलं, आणि मे महिन्यात मी तसाही आठच्या आत घरी असतो. सगळं मिळून तीन हजार सातशे. उरलेल्यातून बालाघाटांची टोपी.

पहिल्या दोन दिवशी रस्ता जवळ आल्यासारखा वाटत होता, उतरताना पाय अंदाजापेक्षा उशिरा टेकायचा. तिसऱ्या दिवशी गेलं. फट खालून अजून आहे, करंगळीचं टोक जाईल एवढी. पण मागच्या रविवारी त्याच वस्तीवर मका मळत होते, तोंड पुन्हा रस्त्याकडंच. गेलो. कानात, मानेवर, दातात भुसकट. डोळ्यात नाही.

येताना सूर्य समोर होता. काच मध्यम काळी झाली होती, तेवढ्यानं काही भागलं नसतं. मान उलीशी खाली केली आणि टोपीचा छज्जा सूर्यावर आला. पुढच्या चाकासमोरचा तो जुना खड्डा, ज्यात मी वर्षभर आदळतोय, पहिल्यांदा नीट बघितला. चांगला परातीएवढा आहे. कडेनं बेशरमाची फांदी रोवलीय कुणीतरी, तीही कधी दिसली नव्हती.

आता वाईट बातमी. मुरूड रोडच्या हॉटेलात चहाला थांबलो होतो. हेल्मेट टेबलावर, गॉगल त्यात उलटा. हात धुवून येईपर्यंत तिथल्या पोरानं टेबल पुसता पुसता त्याच फडक्यानं गॉगलही पुसून ठेवला. वर म्हणतो कसा, "सर, लई धूळ बसली होती, चकाचक केला." डाव्या काचेवर बारीक तीन रेघा. त्याला काय बोलणार, माझाच माजी विद्यार्थी.

काचेमागचा, या रेघा निघतात का काही लावून? दुकानदार नाही म्हणाला, टूथपेस्ट लावा असं टायरट्यूबनं फोनवर सांगितलंय.

काचेमागचा, नांदेड

टूथपेस्टला हात लावू नका! उरलेला लेपही जाईल. रेघा नजरेच्या मधोमध नसतील तर राहू द्या. आणि त्या नंबरच्या गॉगलला कडक डबी घ्या, हेल्मेट ही डबी नव्हे.

टायरट्यूब, लातूर

मी दात घासायचं म्हणलो होतो ओ गुरुजी. दातात भुसकट गेलं म्हणला ना तुम्ही.